चहा घरीही मिळतो, टेबल मिळत नाही

‘कोलकात्यापर्यंत जाऊन चहाच्या दुकानात काय बसायचं? चहा घरी मिळत नाही का?’ मराठी घरांत हे वाक्य इतक्या सहजपणे येतं, की त्याला उत्तर द्यावं असं कुणाला वाटत नाही. सहलीचे पैसे भरलेले असतात, हातात छापील कार्यक्रम असतो, त्यात कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि हावड्याचा पूल बसवायचा असतो. बस थांबेल तिथे उभ्याउभ्या घोटभर प्यायचा, तो चहा. याच म्हणण्याची एक शिकलेली आवृत्तीही अलीकडे जोरात आहे. ती सांगते, की कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस आता नुसत्या आठवणींवर चालतं. कॉफी बेचव, टेबलं जुनाट, वेटरांना कसलीच घाई नाही. कवी गेले, दिग्दर्शक गेले, उरले ते फोटो काढणारे. कॉफीच प्यायची तर एखाद्या साखळी कॅफेत प्यावी, निदान दर्जाची खात्री असते.

पहिलं म्हणणं काटकसरीतून येतं, दुसरं चोखंदळपणातून. दोन्हींच्या तळाशी समजूत एकच: चहाचं दुकान म्हणजे चहा विकत घ्यायची जागा. कोलकात्यापुरती तरी ही समजूत साफ खोटी आहे. तिच्यामुळे कितीतरी मराठी माणसं त्या शहरात जाऊन त्या शहराला न भेटता परत येतात.

वेळेचा मुद्दा आधी संपवू, कारण तो सगळ्यांत वरवरचा आहे. ‘पाच दिवसांत काय काय पाहणार?’ असं विचारणारे कार्यक्रमात सायन्स सिटीला अर्धा दिवस देतात. ती चालवणारी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदच आपल्या वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही चालवते. संध्याकाळी मॉलमध्ये दोन तास जातात आणि तिथे पुण्याच्या मॉलमधलेच कपडे असतात. घरी मिळतं ते वगळायचं, हा नियम खरोखर लावला, तर कार्यक्रमातला अर्धा भाग गळून पडेल आणि चहाची दुकानं मात्र टिकतील. व्हिक्टोरिया मेमोरियल जरूर पाहा. मकराण्याचा संगमरवर सुंदर आहे, भोवतालची बाग सुंदर आहे. पण ती वास्तू लॉर्ड कर्झनच्या इच्छेने, एका राणीच्या स्मरणार्थ उभी राहिली. १९०६ मध्ये पायाभरणी झाली आणि १९२१ मध्ये ती लोकांना खुली झाली. ज्या कोलकात्याला आपण कलेचं शहर म्हणतो, ते घडलं दुसरीकडे, भाड्याच्या खोल्यांत आणि चहाच्या टेबलांवर.

हे भावनेच्या भरात केलेलं विधान वाटत असेल, तर नावं घेऊन बोलू. सत्यजित राय १९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून लागले. कचेरीपासून जवळच, चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूवरच्या कॉफी हाउसमध्ये त्यांचं आणि मित्रांचं बसणं असे. चिदानंद दासगुप्त, बन्सी चंद्रगुप्त, कमलकुमार मजुमदार ही त्या बैठकीतली माणसं. १९४७ मध्ये राय आणि दासगुप्त यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९४९ मध्ये दिग्दर्शक ज्याँ रेनुआर ‘द रिव्हर’च्या तयारीसाठी आले, तेव्हा त्यांच्याशी सिनेमावर बोलू शकतील अशी मुलं शहरात तयार होती. बन्सी चंद्रगुप्त पुढे ‘पथेर पांचाली’चे कलादिग्दर्शक झाले. सिनेमा शिकवणारी शाळा तेव्हा कुठे होती? ती या टेबलांवरच भरली.

दक्षिणेला, हाजरा मोड या चौकात, पॅराडाइज कॅफे नावाचं एक चिमुकलं चहाचं दुकान होतं. मृणाल सेन, ऋत्विक घटक, सलिल चौधरी, हृषीकेश मुखर्जी, तापस सेन तिथे तासन्‌तास बसत. तेव्हा त्यांच्यापैकी कुणाकडे पैसे नव्हते, कचेरी नव्हती, बहुतेकांकडे धड कामही नव्हतं. त्यातले दोघे बिमल रॉय यांच्याकडे मुंबईला आले आणि १९५३ च्या ‘दो बीघा ज़मीन’मध्ये सलिल चौधरींची कथा आणि संगीत होतं, पटकथा आणि संकलन हृषीदांचं होतं. मुंबईच्या पडद्यावर हाडाचा शेतकरी दिसला, त्यामागे हाजऱ्याच्या टेबलावरचे वाद होते. तापस सेन तर नुसत्या दिव्यांच्या जोरावर रंगमंचावर खाणीत पाणी भरताना दाखवणारे प्रकाशयोजनाकार झाले. उत्पल दत्त यांचं ‘अंगार’ त्यासाठीच लोकांना आठवतं. घटकांचा ‘नागरिक’ १९५२ मध्ये पुरा झाला आणि पडद्यावर यायला १९७७ उजाडलं. तोवर घटक गेलेही होते. ज्या माणसाला निर्मात्याने, वितरकाने, थिएटरवाल्याने दार उघडलं नाही, त्याला चहावाल्याने बसू दिलं, हे कलेच्या इतिहासात नोंदवण्याजोगं आहे.

चहाचं दुकानच का, असं कुणी विचारील. एकत्र कुटुंबाच्या घरात चार मित्र घेऊन बसायला खोली नसते. बागेत पावसाळ्यात बसता येत नाही. वाचनालयात बोलता येत नाही. एका कपाच्या पैशांत मिळणारा तीन तासांचा आसरा, बोलण्याची मुभा आणि शेजारच्या टेबलावरून येणारा अनोळखी माणसाचा प्रतिवाद, हे तिन्ही एकत्र देणारी दुसरी जागा त्या शहरात नव्हती. पुष्कळांना आजही नाही.

आता कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस. त्याच्यावर जे आरोप होतात, त्यांतला वेटरवरचा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो, म्हणून त्याच्यावर थोडा वेळ थांबतो.

प्रेसिडेन्सी कॉलेजसमोरची ती इमारत म्हणजे १८७६ मधला अल्बर्ट हॉल. त्याच वर्षी जुलैमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आनंदमोहन बोस यांनी तिथे इंडियन असोसिएशनची स्थापना केली. १८८३ मध्ये राष्ट्रीय परिषद तिथेच भरली, म्हणजे मुंबईत काँग्रेस स्थापन होण्याच्या दोन वर्षं आधी. कॉफी त्या हॉलमध्ये आली १९४२ मध्ये, आणि ती ज्या योजनेतून आली तिची सुरुवात आपल्या मुंबईतली आहे. देशातल्या मळ्यांची कॉफी देशातच खपावी म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं होतं. पुढे कॉफी बोर्डाने शहराशहरांत अशी कॉफीगृहं काढली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बोर्डाने ती बंद करायला घेतली. कामगार रस्त्यावर येणार होते. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना एकच सल्ला दिला: ही कॉफीगृहं तुम्हीच चालवा. १९५७ मध्ये बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी सोसायटी नोंदली गेली, त्याच वर्षी दिल्लीत त्यांचं पहिलं कॉफी हाउस उघडलं, पाठोपाठ केरळात. कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउसही १९५८ मध्ये बंद होणार असं ठरलं होतं. प्रेसिडेन्सीच्या आणि विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ते त्याच वर्षी पुन्हा सुरू झालं. आज ते कामगारांची सहकारी सोसायटी चालवते.

पांढरा फेटा, पट्टा लावलेला गणवेश आणि सावकाश चाल, हे त्या वेटरचं वर्णन. ज्याला लोक बेफिकीर म्हणतात तो हा माणूस. तो तुमच्या टेबलाशी येऊन ‘आणखी काही?’ असं पाचव्या मिनिटाला विचारत नाही. बिल न मागता आणून ठेवत नाही. रिकामा कप उचलून ‘आता उठा’ असं न बोलता सांगत नाही. त्याच्या डोक्यावर टेबल मोकळं करून घेणारा शेठ नाही, कारण संस्थाच कामगारांची आहे. साखळी कॅफेत दर चौरस फुटाच्या भाड्याचा हिशेब असतो, एक टेबल दिवसातून किती गिऱ्हाइकांना द्यायचं याचाही हिशेब असतो. तो हिशेब करणारा माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याला भाडं भरायचं असतं. पण त्या हिशेबात एका कपावर पाच जण बसून कवितेच्या ओळीवरून भांडतील, याला जागा नाही. कॉलेज स्ट्रीटला ती आहे. वेटरला घाई नसणं हा त्या जागेचा दोष म्हणून सांगितला जातो. माझ्या मते ती त्या जागेची सर्वांत मोठी कमाई आहे आणि ती कामगारांनी लढून मिळवलेली आहे.

कॉफीबद्दल मात्र वाद घालणार नाही. तिथल्या बिनदुधाच्या कॉफीला ‘इन्फ्युजन’ म्हणतात, ती कडू आणि पातळ असते. दुधाची कॉफी ठीक. कटलेट चांगलं असतं. पण नाटक पाहायला गेलेला माणूस खुर्चीच्या गादीवरून नाटकाचं परीक्षण लिहीत नाही. उत्तम पेयच हवं असेल, तर त्याच शहरात त्याची सोय आहे आणि तीही साखळी कॅफेत नव्हे. कोलकात्यात चहाचे जाहीर लिलाव १८६१ पासून होत आहेत. चहाची चव घेऊन त्याची किंमत ठरवणाऱ्यांच्या पिढ्या त्या शहरात वाढल्या. ढाकुरियाच्या दक्षिणापण संकुलात डॉली रॉय यांनी काढलेलं छोटं चहाचं दुकान आहे. चहाची पारख आणि लिलाव या पुरुषांच्या धंद्यात शिरलेल्या देशातल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. तिथे दार्जिलिंगचा चहा दूध-साखरेशिवाय समोर येतो. आपल्याकडच्या उकळ्या चहावर वाढलेल्या जिभेला तो पहिल्या घोटाला फिका लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या घोटानंतर त्याचा सुगंध कळू लागतो. तिथून बाहेर पडून फुटपाथवरचा दाट, गोड चहा मातीच्या पेल्यात घ्या. मग लिंबू आणि काळं मीठ घातलेला कोरा लेबू चा घ्या. एका दुपारी एवढा पल्ला गाठता येतो आणि त्यातला एकही घोट दुसऱ्या शहरातल्या घोटासारखा नसतो. दर्जाची खात्री म्हणजे सगळीकडे एकच चव, असं समजणाऱ्यांना हा आनंद कसा कळावा?

शिवाय हा चहा त्या शहराने असाच घेतलेला नाही. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशांतून मळेवाल्यांनी आधी परदेशात, मग देशभर चहाचा प्रचार केला. स्टेशनांवर, कारखान्यांत, बाजारांत तो पाजला. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने त्याला कडाडून विरोध केला. गरिबाच्या पोटात अन्नाऐवजी चहा जातो, हे त्यांना सहन होत नव्हतं. १९४७ मध्ये अन्नदा मुन्शी यांनी चरख्यावर सूत कातणाऱ्या स्त्रीचं चित्र काढून चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची जाहिरात केली. म्हणजे चहा हा व्यापाऱ्यांनी गळी उतरवलेला माल होता, हे मान्यच आहे. पण व्यापाऱ्यांना फक्त पुड्या खपवायच्या होत्या. त्या पुड्यांच्या भोवती बाकडं मांडलं, टेबल मांडलं, माणसांना बसवलं ते छोट्या दुकानदारांनी. सूर्य सेन स्ट्रीटवरची फेव्हरिट केबिन १९१८ मध्ये चितगावहून आलेल्या बरुआ मंडळींनी काढली आणि नझरुल इस्लाम तिथे येऊन बसत. चहाच्या कोणत्याही जाहिरातदाराला हे सुचलं नव्हतं.

‘ते सगळं खरं, पण ते दिवस संपले.’ हा तिसरा आक्षेप, आणि तो घेणाऱ्यांना कॉफी हाउसवरचं मन्ना डे यांचं गाणं पाठ असतं. गाण्यातल्या मित्रांचा अड्डा, म्हणजे गप्पांची बैठक, मोडला, सगळे पांगले, म्हणून कॉफी हाउस संपलं, असा निष्कर्ष निघतो. ते गाणं १९८३ मधलं आहे. म्हणजे अड्डा संपल्याचं दुःख आपण चाळीस वर्षांहून अधिक काळ करत आहोत आणि या सगळ्या काळात दुपारी चारला तिथे टेबल मिळणं कठीणच राहिलं आहे. प्रत्येक पिढीला आपल्या मित्रांचं टेबल हेच शेवटचं टेबल वाटतं. गाण्यातलं दुःख खरंच आहे. पण ते पांगलेल्या मित्रांचं दुःख आहे, त्यावरून जागेच्या मृत्यूचा दाखला काढता येत नाही.

ती जागा का टिकली, हे कळायला दाराबाहेर पाहावं लागतं. इमारतीतच पुस्तकांची दुकानं, बाहेर मैलभर पुस्तकांचा बाजार, प्रकाशकांच्या कचेऱ्या, छापखान्यांच्या गल्ल्या, समोर महाविद्यालयं. जवळच टेमर लेनमध्ये संदीप दत्त यांनी १९७८ मध्ये आपल्याच घरात सुरू केलेलं लिटल मॅगझिनांचं ग्रंथालय. इतर ग्रंथालयांनी रद्दी समजून टाकलेले अंक त्यांनी आयुष्यभर गोळा केले. कविता लिहिणारा, ती छापणारा, विकणारा आणि वाचणारा अशी चारही माणसं कॉफी हाउसपासून हाकेच्या अंतरावर असतात. १९५३ मध्ये सुनील गंगोपाध्याय आणि मित्रांनी ‘कृत्तिबास’ काढलं, साठीच्या सुरुवातीला मलय रायचौधुरी आणि ‘हंग्री पिढी’ म्हणवणाऱ्या कवींनी एकेका पानाची पत्रकं वाटली, १९६२ मध्ये कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग याच टेबलांशी येऊन बंगाली कवींना भेटला. आपल्याकडच्या लिटल मॅगझिनवाल्यांना हे सगळं ठाऊक होतं. बंगाली साहित्य मराठीत आणणाऱ्या अशोक शहाणे यांच्यासारख्यांनी कोलकात्याशी जोडलेलं नातं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंत गेलेलं नातं होतं. साठीच्या मराठी कवितेबद्दल प्रेम असणाऱ्याने तरी कॉलेज स्ट्रीटला जुनं दुकान म्हणू नये.

इथे आपला दुटप्पीपणाही सांगायला हवा. युरोपच्या सहलीला गेलेला मराठी माणूस व्हिएन्नात कॅफे सेंट्रलच्या दारात रांग लावून उभा राहतो. तिथे त्याला ‘कॉफी घरी मिळत नाही का?’ असं कुणी विचारत नाही. ऑस्ट्रियाने २०११ मध्ये व्हिएन्नाच्या कॉफीगृहांची संस्कृती आपल्या वारसायादीत घातली, म्हणून ती संस्कृती. कॅफे सेंट्रलही १८७६ मधलंच, अल्बर्ट हॉलच्या वयाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ते बंद पडलं आणि १९७५ मध्ये त्याच वास्तूच्या दुसऱ्या भागात नव्याने उघडलं. इतक्या वर्षांचा खंड पडलेल्या कॉफीगृहाला आपण वारसा म्हणतो आणि शिकणारी पोरं आजही जिथे रोज येऊन बसतात त्याला आठवणींचं दुकान म्हणतो. हा न्याय कुठला?

आक्षेपांपैकी दोन खरे आहेत आणि ते मला टाळायचे नाहीत. पहिला बायकांचा. अड्डा हा दीर्घकाळ पुरुषांचा होता. पुरुष तासन्‌तास बोलू शकले, कारण घरी चूल कुणीतरी दुसरंच सांभाळत होतं. इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी अड्ड्यावरच्या आपल्या निबंधात ही बाजू झाकलेली नाही. पॅराडाइज कॅफेतली मी वर दिलेली नावं पुन्हा वाचा; त्यात एकही बाई नाही. कॉलेज स्ट्रीटला चित्र बदललं, कारण आजूबाजूच्या महाविद्यालयांत मुली शिकायला आल्या आणि त्या कॉफी हाउसमध्येही बसू लागल्या. आज तिथे मुलींनी भरलेली टेबलं सहज दिसतात. पण रस्त्यावरच्या दुकानाच्या बाकड्यावर एकटी बाई तासभर बसली, तर अजूनही माना वळतात. हा दोष आहेच. त्यावर उपाय म्हणून कुणी बाईला साखळी कॅफेची काचेची खोली दाखवत असेल, तर मी त्याच्याशी सहमत नाही. तिथे तिची सुरक्षितता पैसे मोजून विकत मिळते आणि पैसे नसलेल्या मुलीला ती मिळत नाही. बाकड्यावर हक्क सांगायचा तर बाकड्यावर बसावं लागेल. म्हणून सहलीतल्या आई-मावशी-काकूंना ‘तुम्ही बसमध्ये थांबा, आम्ही चहा आणतो’ असं सांगणं बंद करा. त्यांना खाली उतरू द्या, टेबलाशी बसू द्या, दुसरा कप मागवू द्या.

दुसरा खरा आक्षेप मजुरीचा. स्वस्त चहाचं कौतुक करणाऱ्यांनी हा चहा खुडणाऱ्या बाईकडे पाहिलं आहे का, असं विचारलं जातं. विचारलंच पाहिजे. पश्चिम बंगालच्या मळ्यांत २०२३ मध्ये दिवसाची मजुरी २५० रुपये ठरली. महागड्या कॅफेतल्या एका मोठ्या कपाला इतकेच पैसे पडतात. पण याचा अर्थ नीट लावायला हवा. महागडा कप घेतल्याने जास्तीचे पैसे त्या बाईपर्यंत जात नाहीत. ते भाड्यात, सजावटीत आणि नावाच्या किमतीत जातात. मजुरीचा प्रश्न मळ्यांच्या मालकांना आणि सरकारला विचारायचा आहे, आणि तो विचारणाऱ्या सभा, पत्रकं, मोर्चे जमवायला माणसांना बसायची जागा लागते. कोलकात्यात ती जागा वर्षानुवर्षं कुठे होती, हे पुन्हा सांगायला नको.

नव्या स्वतंत्र कॅफेंबद्दल माझ्या मनात अढी नाही. हिंदुस्तान पार्कातलं सिएना पाहा: पुढे शांतिनिकेतनच्या मातीकामाचं दुकान, आत कॅफे. कप हातात घेतला की तो कुणीतरी घडवलेला आहे हे बोटांना कळतं. अशा ठिकाणी जावं, पैसे खर्चावेत. पण स्वतंत्र दुकान म्हणजे सुंदर भिंती आणि हाताने लिहिलेला फळा, ही समजूत करून घेऊ नये. पार्क स्ट्रीटवरचं १९२७ चं फ्लरीज कितीही देखणं असलं, तरी १९६५ पासून ते एका मोठ्या उद्योगसमूहाचं आहे. मालक कोण, टेबलावर किती वेळ बसू देतात, आणि खिशात शंभराच्या आत पैसे असलेला विद्यार्थी तिथे शिरू शकतो का, हे तीन प्रश्न विचारले की कोणतं दुकान कशासाठी आहे ते कळतं. ज्याला पेयाचा आनंद हवा त्याने सिएनासारख्या दुकानात जावं, ज्याला शहर समजून घ्यायचं त्याने कॉफी हाउससारख्या. दोन्ही करावं. फक्त एकाला दुसऱ्याच्या फूटपट्टीने मोजू नये.

हा सगळा वाद कोलकात्यापुरता असता, तर मी इतकं लिहिलं नसतं. आपल्याच शहरांत याच युक्तिवादाने काय झालं ते पाहा. जहांगीर कलादालनातलं समोवार उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केलं. चित्रं न विकलेले चित्रकार तिथल्या अरुंद, लांबट जागेत बसत, पराठा खात, एकमेकांच्या प्रदर्शनांवर बोलत. ३१ मार्च २०१५ ला ते बंद झालं. काळ्या घोड्याजवळचं वेसाइड इन, जिथे अरुण कोलटकर खिडकीशी बसून समोरचा चौक पाहत, तेही गेलं. ‘काळाघोडा पोएम्स’ २००४ मध्ये पुस्तकरूपाने आलं ते त्या टेबलावरून दिसलेल्या जगाचं पुस्तक आहे. इराणी हॉटेलं तर एकेक करून मिटत आहेत. दर वेळी आपण म्हणतो, काळ बदलला, मुलांना धंदा करायचा नाही, जागेच्या किमती वाढल्या, काय करणार?

काय करणार, याचं एक उत्तर १९५८ मध्ये कॉलेज स्ट्रीटला दिलं गेलं होतं, आणि ते महाराष्ट्राला परकं नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यावर आपली पाठ्यपुस्तकं अभिमानाने धडे देतात. शेकडो शेतकऱ्यांनी मिळून साखर कारखाना चालवला हे आपल्याला पटतं, मग तीस-तीस वर्षं एकाच इराण्याकडे बन-मस्का लावणारे आठ-दहा कामगार मिळून हॉटेल चालवतील, हे कुणाच्या मनातही का येत नाही? जागेचा प्रश्न आहे, भाडेकराराचा आहे, भांडवलाचा आहे, सगळं मान्य. कॉफी बोर्डाच्या कामगारांपुढेही हे सगळे प्रश्न होते. त्यांच्याकडे एक गोष्ट जास्त होती: त्यांच्या टेबलांवर बसणाऱ्या प्राध्यापकांना ती टेबलं स्वतःची वाटत होती आणि ते सरकारदरबारी अर्ज घेऊन गेले, तेही दुकान पुरतं मिटायच्या आत.

समोवारच्या शेवटच्या दिवसांत बाहेर रांगा लागल्या होत्या. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, लोकांनी फोटो काढले. पुढच्या इराणी हॉटेलाची अशी बातमी येईल, तेव्हा त्या रांगेतल्या प्रत्येकाला मला एवढंच विचारायचं आहे: या कामगारांच्या हातात सहकारी सोसायटीच्या नोंदणीचा कागद आपल्यापैकी कुणी नेऊन दिला होता का?